कदर असल्याचा दाखला

वासुदेव गणोरकरांनी १९८८ साली झाडलेली गोळी अजून त्यांच्या बायकोपर्यंत पोहोचली नव्हती. परतवाड्यात ही गोष्ट सगळ्यांना माहीत होती आणि आता तिच्याबद्दल कुणी फारसं बोलत नसे. पुष्पलताबाई बाजाराला निघाल्या की त्यांच्या पाठीमागे, डाव्या खांद्याच्या जरा खाली, ती शिशाची गोळी हवेत तरंगत त्यांच्या चालीनं निघायची. त्या थांबल्या की थांबायची, वळल्या की वळायची. भाजीवाली मागच्या गिऱ्हाइकाला सांगायची, "जरा बाजूनं उभे राहा न, काकूंची गोळी आहे." गिऱ्हाईक बाजूनं उभं राहायचं.

पहिल्या दिवशी हे अंतर नऊ फूट होतं. एकतीस वर्षांनी ते चार बोटं उरलं होतं.

गोळी थांबवता येत नव्हती. १९९० साली पुष्पलताबाईंनी पोलक्याच्या पाठीत लोखंडी पत्रा शिवून पाहिला होता. गोळी तेव्हा दूर होती, म्हणून चाचणीसाठी तो पत्रा वासुदेवरावांनी गोळीच्या पुढ्यात धरून पाहिला. गोळी आठवडाभर त्या पत्र्यात राहिली आणि पलीकडून निघाली. रिव्हॉल्व्हर मोडीत काढावं तर शस्त्र परवाना शाखेच्या परिपत्रकात स्पष्ट लिहिलेलं होतं की, शस्त्र नष्ट झाल्यास गोळी मूळ वेगाने मार्गस्थ होईल. म्हणून रिव्हॉल्व्हर घरातच होतं.

ते रिव्हॉल्व्हर वासुदेवरावांनी १९८६ साली एका निवृत्त वनाधिकाऱ्याकडून घेतलं होतं. त्यांची आरागिरणी होती. मेळघाटातून सागाचे ओंडके आणताना सोबत शस्त्र असावं म्हणून परवाना मिळाला. शस्त्राची गरज कधीच पडली नाही, पण वस्तू हाती आली आणि माणूस तिच्या प्रेमातच पडला. स्टेनलेस स्टीलचं, सहा घरांचं, विलायती बनावटीचं, तेव्हाच वीसेक वर्षांचं जुनं. मुठीला अक्रोडाचं लाकूड, आधीच्या मालकाच्या तळव्यानं काळसर झालेलं. स्टीलला चकचकाट नव्हता. पहाटेच्या तळ्याच्या पाण्याला असतो तसा एक दबलेला उजेड होता. सहा घरांचं चक्र बोटानं फिरवलं की एकेक घर जागेवर बसताना बारीक आवाज यायचा. वासुदेवराव तो आवाज डोळे मिटून ऐकायचे. आयुष्यभर लाकडाच्या भुशात काढलेल्या माणसाला इतकी नेटकी, इतकी चोख वस्तू पहिल्यांदाच मिळाली होती. ते दर रविवारी सकाळी पाटावर पांढरं फडकं अंथरून तिची साफसफाई करायचे.

तशाच एका रविवारी चाप ओढला गेला. पुष्पलताबाई स्वयंपाकघरात पाठमोऱ्या उभ्या राहून कणीक मळत होत्या. सहापैकी एका घरात गोळी राहून गेली होती. "सफाई करीत असताना अनवधानाने," असं पंचनाम्यात नोंदवलं गेलं आणि प्रकरण पोलिसांकडून परवाना शाखेकडे गेलं, कारण इजा झालेली नव्हती. इजा व्हायची होती.

तेव्हापासून दरवर्षी शाखेतून मोजणीला माणूस यायचा. गेली चौदा वर्षं टेंभुर्णे नावाचे अव्वल कारकून येत. ते लाकडी पट्टी घेऊन पुष्पलताबाईंच्या मागे उभे राहत, "ताई, श्वास रोखा जरा," म्हणत आणि छापील तक्त्याचे तीन रकाने भरत. अंतर, वेग आणि कदर.

सगळं त्या तिसऱ्या रकान्यावर होतं. मालकाला शस्त्राची जितकी कदर, तितकी गोळी धीमी. १९९४ साली वासुदेवराव विषमज्वरानं दीड महिना अंथरुणावर होते, रिव्हॉल्व्हरकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही, तेवढ्यात गोळी दीड हात पुढे आली. पुढे एकदा त्यांचं मनगट मोडलं तेव्हा गिरणीतल्या फिटरकडून त्यांनी रिव्हॉल्व्हर रोज पुसून घेतलं. ते आरशासारखं स्वच्छ राहिलं आणि गोळी तरीही वीतभर सरकली. नुसतं पुसून भागत नाही, पुसणाऱ्याचा जीव त्यात लागतो, हे तेव्हा कळलं.

म्हणून वासुदेवरावांनी एकतीस वर्षं त्या वस्तूवर जीव लावला. रविवारचं काम रोजचं झालं. सकाळी सहा ते सात. पुष्पलताबाई चहाचा कप बाजूला ठेवायच्या आणि निघून जायच्या, कारण त्या वेळी त्यांच्याशी बोललं की लक्ष वाटलं जायचं. शस्त्र घराबाहेर नेता येत नव्हतं आणि एक दिवसही चुकवून चालत नव्हतं, त्यामुळे दोघं कधी मुक्कामाला गेले नाहीत. मूलबाळ नव्हतं. एकदाच, फार वर्षांपूर्वी, पुष्पलताबाई म्हणाल्या होत्या, "माझ्या वाट्याचा वेळ तिकडे जातो. आणि तो माझ्यासाठीच जातो, म्हणून तक्रार करायचीही सोय नाही."

 वासुदेवरावांनी चक्र बंद करून फडक्याची घडी घातली होती.

मग सत्तराव्या वर्षी एके सकाळी त्यांनी फडकं अंथरलं, रिव्हॉल्व्हर हातात घेतलं आणि त्यांना काहीच वाटलं नाही. ते एक लोखंडी वजन होतं. त्यांनी चक्र फिरवलं. आवाज आला, तो घरातल्या इतर आवाजांसारखाच होता. हात कापत होते, एका डोळ्यात मोतीबिंदू होता, पण कारण ते नव्हतं. आवड संपली होती. डबा संपावा तशी, तळाशी पोहोचून. त्यांनी कुणाला सांगितलं नाही. ते रोज बसत राहिले, तेल लावत राहिले, पूर्वी ज्या ठिकाणी थांबून पाहायचे तिथे थांबून पाहत राहिले. गोळी त्यानं फसली नाही.

टेंभुर्ण्यांनी त्या वर्षी पट्टी दोनदा लावली. मग ओसरीवर बसून तक्ता भरला. तिसऱ्या रकान्यात त्यांनी "कमी" लिहिलं आणि पेनाचं टोपण लावलं.

"या हिशेबानं किती दिवस?" वासुदेवरावांनी विचारलं.

"आठ महिने. नऊ धरा." टेंभुर्णे मान खाली घालूनच बोलले. "साहेब, एक मार्ग आहे. हस्तांतरण."

"कोणाच्या नावावर?"

"ताईंच्याच. गोळी मालकाला लागत नाही, कलम अकरा. ताई मालक झाल्या की गोळीला दुसरा इसम द्यावा लागतो. अर्जात रकाना आहे. नवा इसम, नवं अंतर. पुन्हा नऊ फुटांपासून सुरुवात."

वासुदेवरावांनी तो अर्ज त्याच दुपारी भरला. "पर्यायी इसमाचे नाव" या ओळीवर त्यांनी आपलं पूर्ण नाव लिहिलं, वडिलांच्या नावासकट. नऊ फूट. सत्तर वर्षांच्या माणसाला नऊ फूट म्हणजे पुरून उरेल इतकं अंतर होतं. कितीतरी दिवसांनी त्यांना भूक लागली.

पुष्पलताबाईंनी अर्ज चष्मा लावून शेवटपर्यंत वाचला.

"म्हणजे आता मी रोज ते पुसत बसायचं, तुम्हाला काही होऊ नये म्हणून."

"हो."

"आणि ते मला मनापासून आवडायला पाहिजे."

"तेवढी मुलाखत होते न अमरावतीला. कदर असल्याचा दाखला लागतो."

त्यांनी अर्ज टेबलावर ठेवला, त्यावर अडकित्ता ठेवला आणि म्हणाल्या, "शिकवा मग."

दोन महिने शिकवणी चालली. सकाळी सहा ते सात दोघं पाटाजवळ समोरासमोर बसायचे. पुष्पलताबाई लग्नाआधी दोन वर्षं शाळेत शिकवत होत्या, त्यांना पाठ करायची सवय होती. नळी, चक्र, घोडा, चाप, नळीच्या टोकावरची नेम धरायची माशी, सगळं त्यांनी चार दिवसांत आत्मसात केलं. कापसाचा बोळा नळीतून कसा ओढायचा, तेलाचा थेंब कुठे किती, हेही आलं. अवघड भाग पुढचा होता.

"हे बघ," वासुदेवराव सांगायचे. "इथे नळी आणि सांगाडा जुळतो, ही रेघ बघ. कानशीनं हातानं केलेली आहे. ज्यानं केली त्याला ही कुणी बघणार नाही हे माहीत होतं, तरी केली."

"दिसली."

"कशी वाटते?"

"सरळ आहे."

"आणखी?"

पुष्पलताबाई बराच वेळ त्या रेघेकडे पाहायच्या. "सरळ आहे हो. आणखी काय सांगू?"

एक विचित्र गोष्ट मात्र झाली. बायकोला समजावून सांगताना वासुदेवरावांना ती रेघ पुन्हा थोडी दिसू लागली. अक्रोडाच्या लाकडाचा रंग, मुठीचं वजन, चक्राचा आवाज. पूर्वीसारखं नव्हे, पण थोडं. असे तीन आठवडे गोळी हलली नाही. ते रोज शिकवणी संपल्यावर पुष्पलताबाईंच्या मागे जाऊन बोटं लावून पाहायचे. दोन बोटं आणि वर थोडं. दुसऱ्या दिवशीही दोन बोटं आणि वर थोडं. मग पुष्पलताबाईंनी पाठ म्हणून दाखवायला सुरुवात केली, सांगण्यासारखं काही उरलं नाही, आणि गोळी पुन्हा निघाली.

अमरावतीला ते एसटीनं गेले. कंडक्टरला सवय नव्हती, पण परतवाडा आगाराचा ड्रायव्हर ओळखीचा होता. त्यानं पुष्पलताबाईंना दाराजवळचं आडवं बाक दिलं, म्हणजे पाठीमागे कुणाचे गुडघे येणार नाहीत. त्या ताठ बसून राहिल्या. सीटला टेकून बसणं त्यांनी केव्हाच सोडलं होतं.

मुलाखत नायब तहसीलदार डोंगरदिवे मॅडमनी घेतली. पन्नाशीच्या, मृदू बोलणाऱ्या बाई होत्या. टेंभुर्णे फाईल घेऊन बाजूला उभे होते. टेबलावर कार्यालयाचं नमुन्याचं रिव्हॉल्व्हर होतं, साखळीनं बांधलेलं. पुष्पलताबाईंनी ते उघडलं, सहाही घरं रिकामी असल्याची खात्री केली, मग एकेक भागाचं नाव आणि काम सांगितलं. एकही चूक झाली नाही. मॅडमनी टेंभुर्ण्यांकडे पाहून मान हलवली.

"छान. आता शेवटचा प्रश्न, काकू. तो नियमाप्रमाणे विचारावा लागतो. हे शस्त्र तुम्हाला आवडतं का?"

"नाही," पुष्पलताबाई म्हणाल्या.

 वासुदेवराव खुर्चीच्या कडेवर सरकले.

"नीट विचार करून सांगा," मॅडम म्हणाल्या. "फक्त हो म्हणायचं आहे. मी लिहिते, सही करते, तुम्ही दाखला घेऊन जा. आम्ही आत शिरून बघत नाही."

"तुम्ही बघत नाही, पण गोळी बघते. मी हो म्हटलं तर तुम्ही लिहाल. उद्यापासून ती यांच्या पाठीमागे लागेल. मला न आवडणाऱ्या वस्तूची गोळी किती दिवस नऊ फुटांवर राहील? यांनी तीस वर्षं जीव टाकला म्हणून मी इथे बसले आहे. माझ्याच्यानं चार महिने होणार नाहीत. मग ती माझ्या हातची होईल."

"आवडून घ्यायचा प्रयत्न केलात?"

"दोन महिने केला. वस्तू चांगली आहे. कुणाला आवडावी अशीच आहे. पण तिच्या टोकाची ती माशी दिसली की मला एकच गोष्ट मनात येते. हिच्यातून माझी पाठ कशी दिसली असेल."

डोंगरदिवे मॅडमनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा घातला. मग त्यांनी अर्जावर "कदर आढळून आली नाही" असं लिहून सही केली. नवा अर्ज तीन वर्षांनी करता येईल, असंही सांगितलं. ते सांगताना त्यांचा आवाज इतका खाली गेला की टेंभुर्ण्यांना ते मोठ्यानं पुन्हा सांगावं लागलं.

परतीच्या गाडीत दोघं त्याच आडव्या बाकावर बसले होते. वलगाव मागे पडलं. वासुदेवराव खिडकीतून बाहेर बघत होते. संत्र्याच्या बागा, मग मोकळी रानं, मग पुन्हा बागा.

"त्या दिवशी मी तुम्हाला दिसले होते का?" पुष्पलताबाईंनी विचारलं.

हा प्रश्न पोलिसांनी विचारला होता, परवाना शाखेनं विचारला होता. पुष्पलताबाईंनी कधी विचारला नव्हता. वासुदेवरावांना पंचनाम्यातलं उत्तर पाठ होतं.

"दिसली होतीस," ते म्हणाले.

पुष्पलताबाई समोर पाहत राहिल्या.

"रिकामं आहे असं समजत होतो मी. हे खरं आहे. पण तू दिसली होतीस. दारातून तुझी पाठ दिसत होती, वेणी पुढे घेतलेली. माशी तुझ्या पाठीवर अगदी बरोबर बसली. इतकी बरोबर बसली की ते मला फार सुंदर वाटलं. म्हणून चाप ओढला."

"मला वाटलंच होतं."

"मग कधी विचारलं काऊन नाही?"

"तुम्ही रोज तासभर तिथे बसत होता. विचारून त्यात आणखी काय घालायचं होतं?"

आसेगावला गाडी थांबली तेव्हा पुष्पलताबाईंनी खिडकीतून भाजलेल्या शेंगांचा पुडा घेतला. अर्ध्या शेंगा त्यांनी वासुदेवरावांच्या हातात ओतल्या. त्यांना एकही फोडता येईना. मग पुष्पलताबाईंनीच एकेक फोडून दाणे त्यांच्या तळहातावर ठेवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला वासुदेवरावांनी पाटावर फडकं अंथरलं. पुष्पलताबाई चहा घेऊन आल्या आणि आज गेल्या नाहीत. त्यांनी फडकं उचललं, रिव्हॉल्व्हर त्यात गुंडाळलं आणि गोदरेजच्या कपाटात ठेवून किल्ली पदराला बांधली.

"आता राहू द्या," त्या म्हणाल्या. "तुम्हाला आवडत नाही, मला आवडत नाही. ओढूनताणून आणखी एखादा महिना मिळेल, तो त्याच्याचपाशी जाईल. मला सकाळी तुमच्याबरोबर चहा प्यायचा आहे."

त्यानंतर दोघं चिखलदऱ्याला गेले. घरापासून तासाभराच्या वाटेवरचं ते ठिकाण त्यांनी लग्नानंतर पाहिलं नव्हतं. दरीच्या काठावर उभं राहून पुष्पलताबाईंनी तिथली कॉफी प्यायली, कडू आहे म्हणाल्या आणि दुसरा कप घेतला. घरी वासुदेवराव स्वयंपाकघरात पाट टाकून बसायचे, लसूण सोलून द्यायचे, वर्तमानपत्र मोठ्यानं वाचायचे. त्यांना समजलं की बायकोला शब्दकोडी सोडवायला आवडतात आणि ती उभे शब्द आधी घालते. हे त्यांना एकतीस वर्षांत माहीत नव्हतं. संध्याकाळी ते तिच्या मागे बसून तिच्या केसांना तेल लावायचे. गोळीला मनगट लागू नये म्हणून कोपर जरा उंच धरावं लागायचं, नंतर नंतर तेही जमेना. ते एका बोटानं अंतर मोजायचे, मग एका बोटाच्या पेरानं. मग मोजायचं त्यांनी बंद केलं.

फेब्रुवारीतल्या एका गुरुवारी, दुपारी पावणेपाचला, दोघं अंगणात हरभऱ्याचे घाटे सोलत बसले होते. मध्ये परात होती. पुष्पलताबाईंनी हातातला घाटा परातीत टाकला, जरा सरळ झाल्या आणि म्हणाल्या, "लागली वाटतं."

वासुदेवराव उठून त्यांच्यापर्यंत गेले, तेव्हा त्या परातीवर ओणवल्या होत्या. वासुदेवरावांनी त्यांना धरलं. पाठीवर हात ठेवायला आता मध्ये काही नव्हतं.

टेंभुर्णे दहाव्याला येऊन गेले आणि तेरावं झाल्यावर पुन्हा आले, कार्यालयीन कामासाठी. गोळी पोहोचल्याची नोंद करायची होती आणि शस्त्राची प्रत्यक्ष पाहणी करायची होती. वासुदेवरावांनी कपाट उघडलं. चार महिने फडक्यात गुंडाळून पडलेलं रिव्हॉल्व्हर गंजलं असेल, काळवंडलं असेल, असं त्यांना वाटत होतं. तसं झालं असतं तर त्यांना बरं वाटलं असतं. त्यांनी ते न उघडताच ओसरीवर आणून ठेवलं.

टेंभुर्ण्यांनी फडकं सोडलं. एक डागही नव्हता. तिसऱ्या प्रहरचं ऊन तिरपं आत येत होतं, ते नळीवर पडलं आणि नळीच्या लांबीभर एक दबलेला उजेड पसरला. टेंभुर्ण्यांनी चक्र फिरवलं. एकेक घर जागेवर बसत गेलं.

"चौदा वर्षं येतो आहे, साहेब," ते म्हणाले, "पण अशी निगा राखलेली वस्तू जिल्ह्यात दुसरी पाहिली नाही."

मग त्यांनी तक्ता उघडला. अंतर, शून्य. वेग, निरंक. तिसऱ्या रकान्यावर पेन थांबलं.

"कदर काय लिहू?"

वासुदेवरावांनी "नाही" हे उत्तर तयार ठेवलं होतं. तेरा दिवस ते मनात घोकलं होतं. त्यांनी रिव्हॉल्व्हरकडे पाहिलं. नळी आणि सांगाडा जुळतो ती रेघ त्यांना दिसली. उरलेल्या एका चांगल्या डोळ्यानं ती स्वच्छ दिसली. त्यांनी नजर काढून अंगणाकडे नेली, तिथे परात पालथी घालून ठेवलेली होती. नजर तिथे राहिली नाही. ती परत आली, नळीवरून हळूहळू पुढे गेली, माशीपाशी थांबली, आणि त्यांच्या छातीत ते पहिल्या दिवसासारखं, पूर्ण भरून आलं.

त्यांनी चेहरा दोन्ही हातांनी झाकला. 

"आहे," वासुदेवराव हातांआडून म्हणाले.

टेंभुर्ण्यांनी "पूर्ण" असं लिहिलं, त्यांची सही घेतली आणि तक्ता पिशवीत ठेवला. पुढच्या वर्षी याच सुमारास येईन, असं सांगून ते चप्पल घालू लागले. परवाना शस्त्राचा होता, तो चालूच राहणार होता.